स्वमग्न मूल मोठं होताना : पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे हे आम्हाला कळलं तेव्हा तो पावणेतीन वर्षांचा होता. ठाण्यात आम्ही काही पालक महिन्यातून एकदा भेटतो. दर वेळी दोन-तीन नवीन जोडपी आलेली असतात, डोळ्यांखाली काळं, हातात फाइल, आणि प्रश्न बहुतेक तेच. मी डॉक्टर नाही. तज्ज्ञांकडून शिकलेलं, वाचलेलं आणि घरात निभावलेलं इथे लिहिते आहे. औषध आणि निदान यांसाठी डॉक्टरांकडेच जा.

ऑटिझम म्हणजे नक्की काय? हा आजार आहे का?

आजार नाही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते, आणि ती जन्माआधीपासून. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात ही ओळख रुजली. आज निदान करताना दोन गोष्टी पाहतात. एक, माणसांशी होणारी देवाणघेवाण : नजर, हावभाव, बोलणं, खेळणं. दुसरी, तेच तेच करण्याची ओढ आणि आवाज, उजेड, स्पर्श, चव यांचा जास्त किंवा कमी त्रास. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता.

‘स्वमग्न’ या शब्दाबद्दल एक सांगायचं आहे. तो सरकारी कागदांवर आहे म्हणून मीही वापरते, पण त्यामुळे मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला आपल्याशी देणंघेणं नाही असं वाटतं. माझा मुलगा कुणाच्याही घरी गेला की पहिल्या मिनिटात त्या घरातला पंखा कितव्या नंबरवर आहे ते पाहतो आणि घरातलं कोण रडून बसलंय तेही ओळखतो. फक्त त्याचं लक्ष आपल्याला दिसत नाही.

पहिली लक्षणं कधी दिसतात?

बहुतेक घरांत पहिल्या वाढदिवसाच्या मागेपुढे काहीतरी खटकायला लागतं. नावाने हाक मारली तर मूल वळत नाही, पण दुसऱ्या खोलीत चिवड्याचा डबा उघडला तर धावत येतं. टाटा करत नाही. सगळ्यांत महत्त्वाची खूण बोटाची. दीड वर्षाचं मूल ‘तो बघ काऊ’ असं बोट दाखवून सांगतं आणि आपण पाहिलं का ते वळून बघतं. स्वमग्न मुलांत हे बोट उशिरा येतं किंवा येत नाही. माझा मुलगा माझं मनगट धरायचा आणि माझा हात शंकरपाळ्यांच्या डब्यावर नेऊन ठेवायचा. चेहऱ्याकडे बघायचाच नाही. आम्ही हसायचो, ‘आईचा हात म्हणजे याचा चिमटा’ म्हणायचो.

काही मुलं आधी चार-सहा शब्द बोलतात आणि दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ते शब्द हरवतात. असं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

‘बाबाही उशिरा बोलला होता’ असं सासूबाई म्हणतात. थांबू का?

थांबू नका. उशिरा बोलणारी पण पुढे सगळं नीट होणारी मुलं असतात हे खरं. पण ती बोट दाखवतात, खुणा करतात, नजरेने भांडतात. ते नसेल तर आधी कानांची तपासणी करून घ्या (बेरा टेस्ट म्हणतात ती), मग विकासाचे बालरोगतज्ज्ञ गाठा. खासगी खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारं आरोग्य पथक याचंच, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. निदान व्हायची वाट न बघता संवादाचा सराव सुरू करता येतो. निदान नंतर वेगळं निघालं तरी त्या सरावाने नुकसान काहीच नाही.

आमच्यामुळे झालं का? मोबाईल? लस? माझी नोकरी?

नाही, नाही आणि नाही. हे तीन वेळा लिहिण्याचं कारण म्हणजे ही शंका आईला रात्री झोपू देत नाही. एके काळी डॉक्टरच सांगायचे की थंड स्वभावाच्या आयांमुळे मुलं अशी होतात. ब्रूनो बेटलहाइम यांनी ही कल्पना अमेरिकेत घरोघर पोचवली. १९६४ साली स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी ती खोडून काढली आणि ऑटिझम जैविक आहे हे मांडलं. आज आनुवंशिकतेचा मोठा वाटा सिद्ध झालेला आहे. लसीची भीती १९९८ सालच्या एका ब्रिटिश शोधनिबंधाने पसरवली. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला, आणि निबंध लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्ड यांची डॉक्टरकी त्याच वर्षी काढून घेतली गेली. मोबाईलमुळे ऑटिझम होत नाही. मात्र मोबाईल हातात असलेल्या मुलाशी कुणी बोलत नाही, आणि या मुलांना तोच वेळ सगळ्यांत जास्त लागतो, म्हणून तो कमी करा.

तो बोलेल का?

पहिल्या भेटीत हाच प्रश्न येतो. मीही हाच विचारला होता. कुणी छातीठोकपणे ‘बोलेलच’ म्हणालं किंवा ‘कधीच नाही’ म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. पूर्वी समजूत अशी होती की पाचव्या वर्षापर्यंत बोललं नाही तर दार बंद. ते तितकं बंद नसतं. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चार वर्षांची होईपर्यंत शब्द जोडून न बोलणाऱ्या ५३५ स्वमग्न मुलांची माहिती तपासली होती. त्यांतली ७० टक्के मुलं पुढे शब्द जोडून बोलायला लागली आणि त्यांच्यासकट एकूण ४७ टक्के तर सफाईदार बोलायला लागली. उरलेली मुलं शब्द जोडून बोलू लागली नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की ‘बोलतो का’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला प्रश्न ‘सांगता येतं का’ हा. भूक लागली, दुखतंय, नको, थांब, अजून हवं. या पाच गोष्टी चित्राच्या कार्डाने सांगता येत असतील तर ते मूल शंभर शब्द पाठ असलेल्या पण एकही गरज सांगता न येणाऱ्या मुलाच्या पुढे आहे. चित्रांची सवय लावली तर तो बोलायचा आळस करेल, ही भीती निराधार आहे. चित्रं, टॅबवरचं बोलकं अॅप यांनी बोलणं अडत नाही, उलट बऱ्याच मुलांत त्याला आधारच मिळतो.

आणि ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं म्हणजे निरर्थक बडबड असं समजू नका. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना लग्नाच्या हॉलमध्ये, मॉलमध्ये, डॉक्टरांकडे एकच वाक्य म्हणायचा, लोकलमधल्या बाईंच्या आवाजात : ‘पुढील स्टेशन, ठाणे.’ लोक हसायचे. आम्हाला उलगडायला चार महिने लागले. त्याला घरी जायचं होतं. ठाणे आलं की आपण उतरतो आणि घरी जातो, एवढा साधा अर्थ. ज्या दिवशी मी ते ऐकून खरंच उठले आणि ‘घरी जाऊ या’ म्हणत त्याचा हात धरला, त्या दिवसापासून त्याला कळलं की आपलं वाक्य चालतं. ‘घरी जाऊ या’ हे शब्द त्याने पुढच्या महिन्यात आपणहून वापरले.

थेरपीला रोज जाणं शक्य नाही. मग?

घरचे तास मोजा. दिवसातून एक तास थेरपिस्टकडे जातो आणि बाकीचे तेरा-चौदा जागे तास तुमच्याबरोबर. याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेत आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एकाच वेळी ६५ मुलांबरोबर एक चाचणी झाली, २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. थेरपिस्ट नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं. आईबाप मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग तोच एकत्र बसून बघायचा आणि मुलाने कुठे काय सांगायचा प्रयत्न केला ते शोधायचं. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली.

तुम्हीही करून बघा. पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि आपण किती वेळा ‘हे काय? रंग कोणता? सांग ना!’ असं विचारतो ते मोजा. मी माझे प्रश्न मोजले होते. पाच मिनिटांत एकतीस. तो बिचारा एक चाक फिरवत होता आणि मी त्याची तोंडी परीक्षा घेत होते.

घरात मराठी सोडून फक्त इंग्रजी बोलायला सांगितलंय. सोडू का?

मुळीच सोडू नका. आम्हालाही एका क्लिनिकमध्ये असंच सांगितलं होतं, आणि आम्ही सहा महिने ते पाळलं. माझ्या सासऱ्यांना इंग्रजी येत नाही. त्या सहा महिन्यांत आजोबा नातवाशी बोलायचेच थांबले, आणि मीसुद्धा मोजकी, तुटक वाक्यं बोलायला लागले. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते असं संशोधनात आढळलेलं नाही. काही मुलं यूट्यूबवरून इंग्रजी उचलतात आणि घरची मराठी उचलत नाहीत, हे आपल्याकडे बरंच दिसतं. तेव्हा ते इंग्रजीत बोललं तर अडवू नका, तुम्ही मात्र ज्या भाषेत तुम्हाला माया करता येते त्याच भाषेत बोला.

वय वाढेल तसा ऑटिझम कमी होतो का?

ऑटिझम राहतो, मूल वाढतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. कॅलिफोर्नियात जवळजवळ सात हजार स्वमग्न मुलांच्या वाढीचा १४ वर्षांपर्यंतचा आलेख पाहिला गेला (२०१२ साली तो प्रसिद्ध झाला), तेव्हा एक रस्ता न दिसता सहा दिसले. बहुतेक मुलं पुढे सरकली, पण वेग वेगळे. सुमारे दहा टक्के मुलं अगदी खालून सुरू करून झपाट्याने वर गेली. सांगण्याची क्षमता सगळ्यांत जास्त वाढली, तेच तेच करण्याची ओढ मात्र फारशी बदलली नाही. आणखी एक टोचणारी गोष्ट : वर गेलेल्या मुलांत शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांतली मुलं जास्त होती. म्हणजे मदत कुणाला मिळते यावरही बरंच ठरतं.

आमच्या घरचा आलेख सरळ नव्हता. सायकल दहाव्या वर्षी, बुटाची नाडी तेराव्या, पण लोकलचं वेळापत्रक सातव्या वर्षी तोंडपाठ. शेजारच्या मुलाशी तुलना करून मी जितकी वर्षं घालवली ती फुकट गेली. गेल्या दिवाळीला काय येत नव्हतं आणि या दिवाळीला काय येतं, एवढीच तुलना उपयोगाची.

साधी शाळा की विशेष शाळा?

मूल कुठे शिकतंय ते बघा, कुठे बसलंय ते नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे ऑटिझम हे मान्य दिव्यांगत्व आहे, शाळेला त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत. राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. दहावीचा ताण पेलणार नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) विषय सावकाश, एकेक करून देता येतात. हल्ली बरीच मुलं तो रस्ता घेतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

पाचवी-सहावीत बऱ्याच मुलांचं गाडं अडतं. तोपर्यंत पाठांतरावर चालतं. मग धड्यात ‘लेखकाला काय म्हणायचं आहे’ येतं, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात, आणि मधल्या सुट्टीत खेळाच्या जागी गप्पा येतात. घसरण आळसामुळे झाली असं समजून रागावू नका.

अचानक आदळआपट करतो. हट्ट कसा मोडायचा?

आधी हट्ट आहे का ते बघा. हट्टी मूल रडताना आपल्याकडे चोरून बघतं, वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सहन होईनासं होऊन मूल कोसळतं तेव्हा, वस्तू दिली तरी थांबत नाही, कारण भांडं उतू गेलेलं असतं. त्या वेळी समजावणं, मारणं, ‘लोक बघतायत’ म्हणणं, सगळं वाया. आवाज कमी करा, गर्दीतून बाहेर काढा, कमी बोला. गणपतीत ढोल-ताशे आणि डीजे, दिवाळीत फटाके, हे दिवस आधीच आखा. कानांवर हेडफोन, निघून जायची खोली, आणि पाहुण्यांना अगोदर कल्पना.

नवीनच सुरू झालेलं वागणं असेल तर शरीर तपासा. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना चार दिवस कपाळ भिंतीवर आपटत होता. आम्ही दिनक्रम बदलला, मोबाईल काढून घेतला, एका डॉक्टरांनी ‘वयाचा परिणाम’ म्हणून शांत करणारं औषध लिहिलं. पाचव्या दिवशी माझ्या बहिणीच्या लक्षात आलं की तो पोळी फक्त डावीकडे चावतोय. उजवी खालची दाढ आतून किडली होती. दात काढला, आपटणं थांबलं. ‘दुखतंय’ हा शब्द त्याला येत होता, पण कुठे हे दाखवता येत नव्हतं. त्यानंतर आम्ही माणसाच्या शरीराचं चित्र फ्रिजवर लावलं. रोज रात्री ‘कुठे दुखतं?’, आणि बहुतेक रात्री तो चित्राखालच्या ‘कुठेच नाही’वर बोट ठेवतो. हे चित्र तुमच्या घरी आजच लावा. दुखणं, कान, दात, बद्धकोष्ठता, अपुरी झोप यांपायी किती मुलांना ‘आक्रमक’ म्हटलं गेलं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

मुलींमध्ये वेगळं असतं का?

मुलींची नोंद कमी होते. पुष्कळ जणी इतरांचं बघून हसणं, बोलणं, मान डोलावणं उचलतात, शाळेत ‘शांत, गुणी मुलगी’ ठरतात आणि घरी आल्यावर कोसळतात. काहींचं निदान बारा-चौदाव्या वर्षी होतं, तेही आधी चिंता किंवा जेवण बंद होण्यामुळे. ‘लाजाळू आहे’ या शब्दावर विसंबू नका.

वयात येण्याची तयारी कधीपासून करायची?

आठव्या-नवव्या वर्षापासून. मन आणि भाषा लहान असली तरी शरीर आपल्या वेळेवरच मोठं होतं. आणि खरी तयारी त्याहूनही आधी सुरू होते. सहाव्या वर्षी जे गोड वाटतं तेच सोळाव्या वर्षी तक्रारीचं कारण होतं. माझा मुलगा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंच्या केसांचा वास घ्यायचा. त्या हसायच्या, ‘शिकेकाई ओळखतो’ म्हणायच्या. तेराव्या वर्षी त्याने अनोळखी बाईंच्या केसांचा वास घेतला आणि त्या किंचाळल्या. चूक त्याची नव्हती, सात वर्षं आम्हीच ते चालू दिलं होतं. नमस्कार किंवा हात मिळवणं, दोन हात अंतर, हे लहानपणीच बसवा. कपडे बदलायचे ते दार लावून, अगदी चौथ्या वर्षापासून, आणि घरातल्या मोठ्यांनीही तेच पाळायचं.

मुलींच्या आयांनी पाळी येण्याआधीच पॅडची सवय लावावी. आमच्या गटातल्या एका आईने मुलीला सहा महिने आधीपासून दर शनिवारी तासभर पॅड लावून बसायला शिकवलं, स्वतः बदलताना दाखवलं, कालनिर्णयवर लाल गोल करायला दिले. रक्त दिसलं तेव्हा मुलगी घाबरली नाही, सरळ कॅलेंडरकडे गेली. ज्या घरांत बाजूला बसवण्याची प्रथा आहे तिथे कृपया या मुलीला त्यातून वगळा. दिनक्रम मोडला की तिचा आधारच जातो, आणि का मोडला ते तिला कुणी समजावू शकत नाही.

मुलग्यांशी वडिलांनी बोलावं. आवाज फुटतो, मिशा येतात, झोपेत वीर्य बाहेर येतं. त्याला आपल्याकडे ‘स्वप्नदोष’ म्हणतात. शब्दच टाकून द्या, त्यात दोष कसला? हस्तमैथुन सुरू होतं तेव्हा ओरडू नका, मारू नका. ‘हे खासगी आहे, आपल्या खोलीत, दार लावून’ हा एकच नियम, चित्रासकट, दर वेळी त्याच शब्दांत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ‘नाही’ म्हणता येऊ द्या. ‘सांगितलेलं ऐकतो’ हे आपण इतकी वर्षं थेरपीचं यश मानलं की आपली मुलं कुणाचंही ऐकायला शिकली. बसमधल्या मदतनीसाचं, घरी येणाऱ्या शिक्षकाचं, कुणाचंही. जे मूल आईच्या हातून केस विंचरून घ्यायलाही ‘नको’ म्हणू शकतं आणि त्या ‘नको’ला मान मिळतो, तेच मूल बाहेरच्या नकोशा हाताला ‘नको’ म्हणू शकेल. काही घडलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा, २०१२, या मुलांनाही लागू आहे. मूल बोलत नसेल तर जबाब नोंदवताना विशेष शिक्षकांची मदत घेण्याची तरतूद त्यातच आहे.

किशोरवयात फिट येऊ शकते का?

येऊ शकते. स्वमग्न मुलांत अपस्मार इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि तो सुरू होण्याचे दोन काळ असतात, एक लहानपणी आणि दुसरा वयात येताना. बोलता बोलता गप्प होणं, एकटक बघणं, पूर्वी येत असलेलं एकाएकी विसरणं, असं दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

त्याला मित्र नाहीत. एकटं वाटत असेल का?

काहींना वाटतं, काहींना नाही, आणि किशोरवयात वाटणाऱ्यांची संख्या वाढते. जी मुलं चांगलं बोलतात त्यांना आपलं वेगळेपण लख्ख कळतं, आणि चिंता, नैराश्य त्यांच्यात बरंच दिसतं. झोप उडाली, आवडता विषयही नकोसा झाला, ‘मी नसतो तर बरं’ असं काही निघालं तर ते ऐकलेलं वाक्य आहे असं म्हणून सोडून देऊ नका. मैत्री आवडीतून होते. माझ्या मुलाचा एकमेव मित्र त्याला मुलुंडच्या फलाटावर भेटला, तोही गाड्यांचे नंबर लिहीत उभा होता. ते दोघं फारसं बोलत नाहीत. दर रविवारी दोन तास शेजारी उभे राहून नंबर लिहितात.

स्टेम सेल, विशेष आहार, जडीबुटी यांनी बरा होतो का?

नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली स्पष्ट केलं की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही. त्यासाठी दागिने मोडलेली माणसं मला माहीत आहेत. गहू-दूध बंद करण्याने ऑटिझम कमी होतो याचा भक्कम पुरावा नाही. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातून दोन कमी होतात, एवढंच. झोप, फिट, तीव्र चिडचिड यांसाठी काही औषधं मदत करतात, पण ती त्या त्या त्रासावरची. चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन हे औषध दिलं असेल तर वजनावर आणि भुकेवर लक्ष ठेवा.

१८ वर्षांचा झाल्यावर कागदपत्रांचं काय?

दोन-तीन वर्षं आधी लागा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर ते आधी. ऑटिझमचं मूल्यमापन आपल्याकडे ४० प्रश्नांच्या ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीवर होतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. अठरा पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान, मग बँकेत किंवा मालमत्तेच्या कामात आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. कायदेशीर पालकत्वाची गरज असेल तर नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ प्रमाणे स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा, जिल्हाधिकारी तिच्यावर असतात. सगळ्यांनाच असा कायदेशीर पालक लागत नाही. आधी बघा, तो स्वतः काय ठरवू शकतो.

‘तू स्वमग्न आहेस’ हे त्याला सांगावं का?

हो, आणि दुसऱ्या कुणी वाईट शब्दांत सांगायच्या आत. आम्ही अकराव्या वर्षी सांगितलं. मी एका कागदावर दोन रकाने केले, तुला सोपं आणि तुला अवघड. सोप्यात त्याने स्वतः ‘वेळापत्रक’ लिहिलं, अवघडमध्ये ‘शिट्टी, कुकरची’. मग मी खाली लिहिलं, याला ऑटिझम म्हणतात. त्याने कागद घेतला, घडी घातली आणि गेला. मला वाटलं काही पोचलं नाही. चारेक दिवसांनी समोरच्या आजींकडे डाळ शिजत होती, त्यांच्या दारात जाऊन त्याने तो कागद पुढे धरला, ‘शिट्टी’वर बोट ठेवलं आणि वळून त्या बघतायत का ते पाहिलं.